कूलरसमोरच्या पेशी

२ मे १९८३, सकाळ
घाबरलेलो नाही. पीएच.डी.चे गाईड देवतळे सर वीस तारखेला लॅबमध्ये येऊन मी वाढवलेल्या पेशी स्वतः बघणार. नसल्या तर रजिस्ट्रेशन रद्द. म्हणजे सासऱ्यांच्या संत्र्यांच्या आडतीत जाऊन बसणे. हात थरथरतो तो चहामुळे. आजपासून चहा बंद.

३ मे
बकरीच्या मांडीचा तुकडा आणला. स्नायूच्या तंतूंना चिकटून काही पेशी निजलेल्या असतात. इजा झाली की जाग्या होऊन नवा स्नायू घडवतात. त्या वेगळ्या काढून काचेच्या बशीत वाढवायच्या. एकमेकींना जुळून लांब धागे झाले की ओळख पटली. सोपे आहे. चहा दोनदा.

९ मे, दुपार
सगळ्या मेल्या. इनक्युबेटर सदतीसवर लावतो, पण लॅबच चव्वेचाळीस! यंत्राला तापवता येते, गार करता येत नाही. दोष नागपूरचा. चहा चारदा, तोही उन्हामुळेच.

११ मे
उपाय सापडला. घरचा कूलर लॅबमध्ये आणला. नव्या तुकड्यातल्या पेशी आत, इनक्युबेटरचे दार उघडे, समोर कूलर. पुष्पलता ओरडली, "बकरीले कूलर काहून पायजे? अन् आमी का भाजून मरावं?" बायकोला विज्ञान समजावण्यात अर्थ नाही. कूलरच्या ताट्यांतल्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास छान येतो.

१७ मे
धागे! लांब, पांढरे, फांद्या फुटलेले, बशीभर. पुस्तकात आठवडा लागतो, माझे एका रात्रीत. पुस्तक जुने असावे. बशीचे झाकणसुद्धा उचलले गेले, एवढा जोर! पेशींना माझे नाव द्यावे का? झोप नाही. आनंदामुळे. तरी दाराची कडी पुन्हा पुन्हा बघून आलो.

२० मे
सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. मग सर सरळ कूलरकडे गेले, खस खरवडली आणि बोट माझ्यापुढे धरले. बोटावर तेच पांढरे धागे. म्हणाले, "यंदा खस बदलली नाही का गा?"
नाही. मागच्या उन्हाळ्याचीच होती.
घाबरलो आहे. फार घाबरलो आहे.

२२ मे
कूलर घरी आला. पुष्पलता खूश. सासरे नत्थूजी येऊन गेले. अंबिया बहाराची संत्री उतरू लागली की आडतीत या म्हणाले. जाताना दारात थांबले. "जवाईबापू, एकच सांगा. संत्र्याले बुरशी लागली तं तुमाले वळखू येईन ना?"
येईल म्हणालो. हात थरथरतो आहे. आज चहा घेतलेला नाही.