जळू आणि माझी सावली

चामोर्शी, गुरुवार, संध्याकाळ

धानाची रोवणी चालू होती. मी शेताच्या धुऱ्यावर उभा राहून बायांना शाळेतल्यासारखं शिकवत होतो: पाण्यावर सावली पडली की जळू जागी होते, अंगाकडे पोहत येते. तेवढ्यात एक जळू वहिनीच्या पोटरीला चिकटली.

"भाऊजी, तुमचीच सावली पडून राह्यली न माझ्यावर! हटा तिकडं."

सगळ्या हसल्या. जळू सुटावी म्हणून वहिनी तंबाखू लावणारच होती. मी धुऱ्यावरचा विळा उचलून जळू कापली. जळूच्या प्रत्येक खंडात मज्जातंतूंची वेगळी गाठ असते. दोन्ही तुकडे वळवळत राहिले. विळा पोटरीत शिरला होता.

चुकून? त्या हसल्या नसत्या, तर मी विळा उचलला असता?

आत्ता वहिनीकडे मलम घेऊन गेलो. ओसरीवरचा दिवा माझ्या पाठीमागे होता. सावली तिच्या पायावर पडली. तिने पाय आखडून घेतला.