सेनापती टेबलावरच हवा

प्रिय अण्णा,

काल आईने तुमचा सेनापती देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. घोडा, झेंडेवाला, जासूद, सगळ्यांसकट. वर हळदकुंकूही वाहिलं. म्हणून हे लिहितेय. नाहीतर पत्र लिहिणारी मी नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे.

मी विचारलं तर म्हणाली, "वर धूळ खात होता. घोड्यावर बसलाय, हातात तलवार आहे, खंडोबासारखाच दिसतोय की. आणि ह्यांच्या हातचा आहे."

मी वर गेले.

वरच्या खोलीतला आपला लढाईचा डाव तुम्ही दवाखान्यात गेलात त्या दिवशी होता तसाच आहे. टेबलावर जुनी चादर, तिच्याखाली तुमच्या आलेखवह्या सारून केलेल्या टेकड्या. तुमचे तांबडे सैनिक, माझे निळे. फक्त तुमच्या उजव्या टेकडीपुढे धुळीत एक स्वच्छ गोल उरलाय.

अण्णा, जन्मभर तुम्ही चादरींची नक्षी आलेखावर काढलीत, एकेक चौकोन मोजून. मग खेळात सेनापतीचा हुकूम कुठवर पोचतो, ते वितीने का मोजायचात? वितीच्या आतली तुकडी हलणार, बाहेरची जागीच उभी राहणार. तुमची वीत माझ्यापेक्षा तीन सेंटिमीटरने मोठी! मी पट्टी लावून दाखवलं तेव्हा हसलात. "काय मोजायलीस, इंजिनेर बाई? सगळ्यांचा हात सारखा असतो व्हय?" शेवटी मी चादरीच्या दोऱ्याचे दोन सारखे तुकडे कापले, एक तुम्हाला, एक मला. तुमचा तुकडा अजून तुमच्या चष्म्याच्या डबीत आहे.

खरं भांडण मात्र सेनापती दिसावा कसा, यावरून होतं. तुम्ही तारेवर काचा बसवायची लांबी चढवून एका गोल तळावर तीन माणसं केलीत. "सेनापती एकटा नसतो. हुकूम नेणारा जासूद नसंल तर तो नुसता घोड्यावरचा माणूस." माझा सेनापती म्हणजे ॲक्रिलिकची चकती, मधोमध बिंदू कोरलेला, अंतर बिनचूक मोजता यावं म्हणून. दर रविवारी डाव बघायला येणारे तुमचे दोस्त शेखकाका ती उचलून म्हणाले होते, "ही कॅरमची सोंगटी हितं कशी आली?"

मी म्हटलं, खरी सेनापती मी आहे. मी इथे खुर्चीवर बसलेय. चकती फक्त मोजायला.

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "खुर्चीवर बसलेल्याला गोळी लागत नाही, अनघा. सेनापती टेबलावर हवा. लागंल असा हवा."

तेव्हा मला तो मुद्दा भावनेचा वाटला. मी सोडून दिला.

मग तुमचं आजारपण मी कसं चालवलं, आठवतं? औषधांच्या वेळांचा तक्ता केला. साखर, ताप, ऑक्सिजन, सगळं तासातासाला. एकही नोंद चुकली नाही. आणि बसले कुठे? दवाखान्यातल्या तुमच्या खोलीबाहेर, जिन्याशेजारच्या खुर्चीवर. तुम्ही दोनदा म्हणालात, "आत ये की जरा." मी म्हटलं, डॉक्टर येतील इतक्यात, त्यांना गाठते. डॉक्टर संध्याकाळी यायचे, हे तक्त्यातच लिहिलेलं होतं.

तुम्हाला ते कळत होतं ना?

एक तक्रार माझीही आहे. दवाखान्यात गेलात त्या दिवशी माझ्या तोफेच्या टप्प्यात तुमचा सेनापती आला होता. पाच किंवा सहा पडले की तो गेला. इतका पुढे कशाला आणलात त्याला? आणि वर घाई! "टाक की फासा! घाबरायलीस काय?" मी म्हटलं, आधी डॉक्टरांकडे तपासून येऊ, मग टाकते. फासा अजून माझ्या बाजूला पडून आहे.

आणि तो तुमचा नियम. सेनापती पडला की त्याचं सैन्य एक फेरी हलायचं नाही. मी म्हणायचे, का? दुय्यम अधिकारी लगेच सूत्रं घेईल. तुम्ही म्हणायचात, "बातमी पोचायला वेळ लागतो की."

लागतो, अण्णा. मला पाच महिने लागले.

काल जेवणानंतर मी तार वाकवली आणि लांबी मळली. एक बाई केली, उभी. घोडा जमला नाही. डावा हात उजव्यापेक्षा लांब झालाय, मोजला, दोन मिलिमीटर. तसाच ठेवलाय. चकती आता तिच्या पायाखाली आहे. जासूद करतेय.

आईला सांगितलं, देव्हाऱ्यात त्याला गोळी लागणार नाही, म्हणूनच तो तिथे नको. तिने निरांजनातली वात सारखी केली. मग म्हणाली, "आणि पडला तर?"

"तर एक फेरी कुणी हलायचं नाही."

"मग मीपण येते वर," म्हणाली.

रविवारी तुमच्या बाजूने शेखकाका खेळतील. तुमचा सेनापती त्याच स्वच्छ गोलावर ठेवीन, कुंकू न पुसता. माझी बाई टेकडीमागून काढून पुढच्या रांगेत आणीन, तुमच्या तोफांच्या टप्प्यात. मग फासा टाकीन. काहीही पडलं तरी दुसऱ्यांदा टाकणार नाही, आणि तुमच्या नियमावर वाद घालणार नाही. वचन देते.

तुमची,
अनघा (निळ्या सैन्याकडून)