घोडीखालचा बोळा

आप्पा, काल साताऱ्यात मी तारेचा आवाज मारला. तुमच्या पोरीनं, मिरजेत तुमच्याच तंबोऱ्यांच्या दुकानात वाढलेल्या. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, हे पत्र टाकणार तरी कुठं? म्हणूनच खरं लिहिते.

लहानपणी अभ्यासाला त्रास होतो म्हणून मी तंबोऱ्याच्या तारांत फडकं खोचलं होतं. तुम्ही हातातली कानस ठेवून एवढंच म्हणालात, "बाळ, आपण आवाज खुला करनारी मानसं हाय. कोंडायचं काम आपलं न्हाई." दोन फटके दिले असते तर परवडलं असतं. ते वाक्य असं हाडीमाशी भिनलं, की गेल्या महिन्यात सांगलीची एक मुलगी आपला डबल बास दुरुस्तीला घेऊन आली, गजानं वाजवायचं ते माणसाएवढं वाद्य, आणि त्याच्या घोडीखाली, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीच्या खालच्या बाजूला, तारांत लोकरीचा बोळा दिसला, तर तो मी न विचारताच उपटून फेकला. म्हटलं, कुठल्या अडाण्यानं हे कोंबलंय! दुकानात गज फिरवला तर काय घुमला म्हणता, लय भारी.

काल तिचा पहिला मोठा कार्यक्रम. मीही हौसेनं गेले. दुपारी स्पीकर जोडून ती गज टेकवते, आणि एक तार वाजली की न छेडलेल्या बाकीच्याही गुरगुरायला लागतात. ती थांबली तरी त्या थांबेनात, वर स्पीकर हंबरतोय. माईकवाला ओरडला, "आवं ताई, ह्यो रेडा आवरा, न्हाईतर बंद करतो मी!" मुलगी पांढरीफटक. "मावशी, ह्यातलं काही काढलंत का तुम्ही?" तासाभरात लोक येणार होते. आणि मी काय बोलावं? "तारा मोकळ्या ठेवायची आमच्या आप्पांची पद्धत आहे, बाई. ते असंच करायचे."

मग माईकवाल्याची लोकरीची कानटोपी मागून घेतली, कात्रीनं पट्ट्या केल्या आणि घोडीखाली तारांतून ओवत गेले, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. पहिल्या पट्टीला गुरगुर निम्मी झाली. दुसरी घातली, तर तिनं जो सूर वाजवला तेवढाच आला, स्वच्छ. "आत्ता कसं!" माईकवाला म्हणाला.

कार्यक्रम झकास झाला. शेवटी तिनं मला वर बोलावून लोकांना सांगितलं, ह्यांच्या आप्पांच्या जुन्या पद्धतीनं घोटाळा केला होता, ह्या मावशींनी वाचवलं. टाळ्या पडल्या. माईक माझ्या तोंडापुढंच होता, आप्पा. मी नमस्कार केला आणि खाली उतरले.