ठेवणीतली साडी

मार्तंड,

तुझं जिनिव्हाहून आलेलं पत्र मिळालं. मानवी हक्कांच्या ऑफिसात तीन महिने शिकायला मिळतंय, माझ्या आईचा फोटो बघून तिथले साहेब हळहळले, सगळं वाचलं. शाबासकी मात्र माझ्याकडून मिळणार नाही.

आमची झोपडी पाडली तेव्हा तू लॉ कॉलेजातून कॅमेरा घेऊन घाटकोपरला आलास. फोटो काढणार म्हटल्यावर आईनं ठेवणीतली साडी नेसली, केस विंचरले. आमच्यात फोटो असाच काढतात. तू म्हणालास, "मावशी, असं नको. तिकडच्या लोकांना पटणार नाही." आणि तिला फाटकी साडी नेसायला लावलीस. आडोसासुद्धा उरला नव्हता रे. मी पत्रा धरून उभी राहिले आणि तू आरामात फिल्म भरत होतास.

आई अजून विचारते, फोटो कधी येणार. मी सांगते, खराब निघाला.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू याचंही इंग्रजी करून साहेबांना वाचून दाखवशील.

परत आल्यावर आपल्या लग्नाचं आईशी बोलणार म्हणतोस. त्या दिवशी तिनं कुठली साडी नेसायची?

तुझ्या कामी आलेली,
सुगंधा