पेटीतली झूल काचेत

ती. पार्वताबाई मावशीस,

अकोल्याहून श्यामचा वाकून नमस्कार (दुरूनच, जवळ आलो की तुमी पहिले पेटीची किल्ली चाचपता). गुडघा कसा आहे? मावसाजींचा खोकला? फोन तुमी उचलत नाही, म्हणून पत्र. मी मजेत आहे. पण मावशी, तिवशात आपल्या घरी चोरी झाली अन् तुमाले पत्ताच नाही!

शेंदूरजनाघाटले संत्रे भराच्या कामावर गेलो होतो. भरलेला ट्रक अकोल्याले निघाला, मंग मीही बसलो. (संत्रे आंबट होते, ते मागून सांगतो.) इथं संग्रहालयात जुन्या भरतकामाचं प्रदर्शन होतं. बाहेर थंडी, आत फुकट, म्हणून शिरलो. पहिल्याच काचेत राजाच्या पोराची कुंची. येवढंसं डोकं राजाच्या पोराचं असते काय? मले तिथूनच संशय आला. अन् पुढच्या काचेत आपली झूल! तुमच्या आजेसासूनं पोळ्यासाठी भरलेली, लाल, आरशांची, एका पोपटाची चोच उलटीकडं. बैल गेले, ट्रॅक्टर आला, (मागच्या पोळ्याले मावसाजींनी ती बोनटवर घातली होती, आठवते?) तेव्हापासून ती पेटीत असाले पाहिजे. खाली पाटी: ‘दात्याच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.’ मावशी, नाव कोण लपवते? माया डोळ्यासमोर तुमचे दीर खुशालराव आले. दात दाखवाच्या नावानं सारखे अकोल्याले येतात. अन् तोंडात दात तर एक नाही!

मी आवाज चढवला. तिथल्या प्राजक्ता मॅडम आल्या. ‘तुमचीच कशावरून?’ मी म्हटलं, आमच्या घरच्या झुलीच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचं एक वाकडं पान असते, बैलाले नजर लागू नये म्हणून. पाहा, आहे का नाही? त्यांनी मले बाकीच्या झुलींपाशी नेलं. प्रत्येकीच्या कोपऱ्यात काळं पान! ‘वऱ्हाडात घरोघरी टाकत होते, दादा.’ आता तुमीच सांगा, याचा अर्थ काय? सगळ्या आपल्याच पेटीतल्या! पेटी येवढी खोल होती हे तुमी मले कधी सांगितलं नाही.

मी तिथंच बसकण मारली. झूल घेतल्याशिवाय उठत नाही म्हटलं. त्यांनी चहा पाठवला, विलायची टाकून. विलायची टाकून राहिले म्हणजे नक्कीच काही लपवून राहिले. आत्ताच्या आत्ता पेटी उघडून पाहा अन् मले कळवा.

तुमच्या घराच्या अब्रूसाठी फरशीवर बसलेला,
श्याम

ता.क. मॅडम आत्ताच येऊन गेल्या. म्हणे नाव सांगणार नाही, पण देणारी एक बाई होती, गुडघा धरत आली होती. म्हणाली, ‘मले एक भाचा आहे. हिवाळा आला का येते, अन् हीच झूल पांघरून झोपते. निम्मे आरसे फोडले त्यानं. काचेत ठेवा बाई, अन् कुलूप लावा.’ मावशी, तिवशात असा भाचा आणखी कोणाचा आहे, चौकशी करा.

ता.ता.क. खुशालरावांच्या नावानं ‘चोर’ म्हणून एक पत्र सकाळीच चहावाल्याच्या हातानं टाकलं आहे. ते पोचलं तर त्यांच्या हातात पडू देऊ नका.

आणखी एक. थंडी लय पडून राहिली. एक गोधडी पाठवा. साधीच, संग्रहालयवाले मागणार नाही अशी.