अर्धा इंच जर्मन

निमगाव सावा,
६ सप्टेंबर २००३

ती. भरतमामा यांस,
स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

बडोद्याच्या पावण्यांबरोबर पाठवलेली अॅल्युमिनियमची प्लेट पोचली. आप्पांनी ती बोटाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, हे तर जर्मन, आपल्या दुधाच्या पातेल्याचं; चार घटकांत कापून देतो. पातेलं अर्धा इंच जाड नसतं, असं मी म्हटलं तर राग आला.

आता खरी बातमी. नारायणगावच्या माणिकचंदशेठनी मला त्यांच्या बियाणं-औषधांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करायला बोलावलंय. दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या नव्या वह्या सुरू होतात. त्या दिवसापासून रोज वेळेवर येणं जमत असेल तर ये, नाहीतर दुसरी मुलगी बघू, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला ते आवडलं, मामा. माझ्या पायाकडे बघून चुकचुकले नाहीत.

अडचण जाण्यायेण्याची आहे. जीपवाले मला पाहून थांबत नाहीत. कॅलिपरचा पाय आत घेईपर्यंत त्यांचा खोळंबा होतो. म्हणून स्कूटीवर जायचं ठरवलंय, पण तिला मागे दोन जादा चाकं लागणारच. वेल्डरने केलेली लोखंडी फ्रेम एवढी जड झाली की शाळेजवळच्या चढावर गाडीने मान टाकली. तुमच्या प्लेटीतून ती चाकं धरणारी दोन ब्रॅकेट निघाली तरच काम होईल. वेल्डर भोकं पाडून देणार आहे, पण इतकं जाड जर्मन कापायचं त्याच्याकडे काही नाही. घरीच कापावं लागेल. कशाने, ते कळवा.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही लवकर असू द्या.
आपली, स्नेहल

बडोदा,
१७ सप्टेंबर २००३

चि. स्नेहल हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

नोकरीचं वाचून मामीने लगेच शिरा केला आणि तुझ्या नावाने मीच खाल्ला.

आता नीट वाच. ग्राइंडरचं दगडी चाक अजिबात लावायचं नाही. अॅल्युमिनियम त्या चाकात चिकटून बसतं, चाक तापतं आणि फुटून अंगावर येतं. सुताराचं गोल पात्याचं मशीन घ्या, पण पातं कार्बाइडच्या दातांचं हवं. प्लेट ओट्याला क्लॅम्पने घट्ट आवळा आणि तुटणाऱ्या तुकड्याला खालून टेकू द्या, नाहीतर तो पातं चिमटतो. पट्टी बांधून तिच्या कडेने मशीन हळूहळू पुढे सरकवायचं, जोर द्यायचा नाही. थोडं कापलं की थांबायचं, प्लग काढायचा आणि पात्याला मेणबत्ती घासायची. दाजींना रॉकेल ओतायची हुक्की येईल. मशीनमधून ठिणग्या पडतात, तेव्हा रॉकेल चुलीपाशीच ठेवा म्हणावं. डोळ्यांना गॉगल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि पात्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

ब्रॅकेटचा नकाशा सोबत आहे. माया आहे म्हणून दटावतो, हे लक्षात असावं.
तुझा, भरतमामा

निमगाव सावा,
२४ सप्टेंबर २००३

ती. भरतमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एक दिवस उशिरा आलं. आप्पांना धीर निघाला नाही. त्यांनी गवंड्याचं शहाबादी फरशी कापायचं कटर आणलं आणि फरशीवर ओततात तसं आईला तांब्याने पाणी ओतायला लावलं. दोन बोटांएवढी चीर पडली असेल नसेल, जर्मन चाकाला लोण्यासारखं चिकटलं. चाक अडकलं, कटर उसळलं आणि पायजमा फाडून नडगीवर घासलं. टाके पडले. हाडाला लागलेलं नाही, काळजी करू नका. प्लेटीचा एक कोपरा वाया गेला, पण दोन ब्रॅकेट अजून निघतील.

खरं नुकसान वेगळंच झालंय. या घरात एक पाय अधू हाय तेवढा पुरे, आता मशीनचं नाव काढायचं न्हाई, असं आप्पांनी सांगितलं. मला रोज एम-एटीवर तेच नेणार आणि आणणार. शाळेपासून कॉलेजपर्यंत त्यांनीच मला मागे बसवून नेलं, पण दुकान संध्याकाळी उशिरा बंद होतं, आणि कांद्याला पाणी वीज येईल तेव्हा द्यावं लागतं. मामा, पुढचं मला आत्ताच दिसतंय. आप्पा थकतील, एक शब्द बोलणार नाहीत, आणि मग मीच नोकरी सोडेन.

तुम्ही त्यांना लिहा. माझं म्हणणं त्यांना हट्ट वाटतो.
आपली, स्नेहल

बडोदा,
३ ऑक्टोबर २००३

ती. सावळारामदाजी यांस,
भरतचा सा. न. वि. वि.

पाय कसा आहे? अक्काला तुमच्यावर ओरडायची परवानगी माझ्यातर्फे आहे.

मी येऊन अर्ध्या तासात प्लेट कापून दिली असती, पण नवीन मशीन बसतंय आणि दिवाळीतही रजा नाही. तुम्हाला भीती बसली, यात कमीपणा काही नाही. आमच्या कारखान्यात ज्यांना भीती वाटत नाही त्यांनाच मी मशीनपासून लांब ठेवतो. पोर तुमची आहे, निर्णय तुमचा. पण हौशीराम सुताराचं मशीन आणून एकदा निदान रेघ तरी आखून बघा. हे पत्र पोचेपर्यंत खंडेनवमीची पूजा होऊन गेली असेल, तेव्हा मशीन सुरू करण्याआधी झेंडूचा हार तेवढा काढा.

मेव्हण्याचं ऐकलं म्हणून कुणी लहान होत नाही. राग मनात न धरता लोभ ठेवावा.
आपला, भरत

निमगाव सावा,
२८ ऑक्टोबर २००३

चि. भरत यास,
सावळारामचे आशीर्वाद.

मला पेनची सवय नाही, तरी ही हकिकत माझ्याच हाताने लिहायची होती.

दसरा झाल्यावर हौशीरामचं मशीन आणलं. तुझ्या पत्राप्रमाणे सगळं केलं. बटण दाबलं, पातं फिरायला लागलं. बंद करून खाली ठेवलं. तीनदा तसंच झालं. मग स्नेहलने स्टूल पुढे ओढलं आणि मला म्हणाली, आप्पा, तुमी टेकू धरा. मी नाही म्हणालो. तुझी अक्का म्हणाली, धरा की, पोरीचा हात बघा कसा निवांत हाय. मी धरला. तिने थोडं कापावं, थांबावं, मेण लावावं, पुन्हा कापावं. गरम चुरा बाह्यांवर उडत होता, पण तिने मान वर केली नाही. दोन्ही ब्रॅकेट सुरीने वडी कापावी तशी निघाली. वेल्डरने भोकं पाडून चाकं बसवली. गाडी चढ चढली.

पाडव्याला ती निघाली तशी मी एम-एटी मागोमाग काढली. ओढ्याच्या पुलावर ती थांबली. म्हणाली, आप्पा, दुकानात गल्ल्यावर पण माझ्याशेजारी बसणार का? मागं फिरा, कांद्याला पाणी द्या. मी फिरलो. भरत, इतकी वर्षं तिचं वजन माझ्या मागं असायचं. येताना मोकळी गाडी खड्ड्याखड्ड्याला उडत होती. मी रडलो. वाईट वाटून नाही, पण रडलो.

संध्याकाळी राहवलं नाही. वेशीवर जाऊन चिंचेआड उभा राहिलो. दिवा लावून ती समोरून गेली. तोंडात काहीतरी गाणं होतं. मला पाहिलं नाही. मी हाक मारली नाही. तिला पुढे जाऊ दिलं आणि थोड्या वेळाने घरी येऊन, गवत आणायला गेलो व्हतो असं सांगितलं.

तुझ्या बायकामुलांना आशीर्वाद. रजा मिळाली की ये. तुझ्या भाचीच्या गाडीवर बसून शिवार बघ. माया आहे तशी राहू दे.
तुझा, सावळाराम