शेवटचा फर्मा

ता. ४ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे, मनापासून नाही.

चिमीच्या वाढदिवसाला तू पाठवलेली कादंबरी तुझी भाची जेवतानाही खाली ठेवत नाही. म्हणून मीही चाळली. त्यातल्या शहरात जन्मतःच घराच्या दाराचा रंग ठरतो आणि त्या रंगाला नेमून दिलेलं काम मरेपर्यंत करायचं. नायिकेला एकही रंग आपला वाटत नाही, म्हणून ती शहराच्या भिंतीपलीकडे जायला निघते. हे वाचून आमच्या चिमीबाईसाहेबांनी मला विचारलं, की आपल्या दाराला बाइंडिंगच्या खळीचाच रंग का. तिला म्हणे तुझ्या गावी येऊन नकाशे काढायला शिकायचंय. शाळेत तू पोरांचे कान भरतेस तेवढं पुरलं नाही, म्हणून माझ्या घरात काडी टाकलीस.

मी बाइंडर आहे, माझ्याकडे उपाय असतो. पुस्तकाची शिवण उसवली, शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, काढून घेतला आणि पुन्हा बांधून जागेवर ठेवलं. आता ती पोरगी भिंतीच्या फाटकाला हात लावून उभी राहते आणि गोष्ट संपते. चिमीला सांगितलंस तर तुझा माझा संबंध संपला. तिची आई गेल्यापासून दुकानात आम्ही दोघंच आहोत, हे तू सोयीने विसरतेस.

कळावे. लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू बघ.

तुझा भाऊ

ता. ११ जून

चि. भावास,

अ. उ. आ. हात आखडूनच देते आहे.

तुझी मुलगी परवा एक बॅग आणि ते पुस्तक घेऊन माझ्या दारात उभी राहिली. तुला चिठ्ठी ठेवून आलीय म्हणाली. काल तिने नकाशाच्या वर्गात नाव घातलं. मी अडवलं नाही, अडवणारही नाही.

तुझ्या हुशारीबद्दल काय बोलावं? लहानपणी माझ्या बाहुलीचे केस कापलेस तेव्हाही असाच शहाणा होतास. अरे गाढवा, ती सोळा पानं कापण्याआधी वाचलीस तरी का? त्यात ती मुलगी वर्षभराने परत येते. बाप दार उघडतो, चुकलो म्हणतो आणि मग दोघं मिळून ते दार त्यांना आवडेल त्या रंगाने रंगवतात. तू नेमकं तिचं परत येणंच कापून ठेवलंस.

मी तिला काही बोललेले नाही. निस्तरायचं तुझं तू.

लोभ आहे, पण सध्या माळ्यावर टाकलाय.

ताई

ता. १५ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पानं वाचली. फर्मा सोबत पाठवतो आहे. चिमीला वाचायला दे आणि रविवारी सकाळच्या गाडीत बसवून दे. पुस्तकातली पोर वर्षाने आली, हिला एवढे दिवस पुष्कळ झाले. दुकानात वह्यांचा ढीग पडलाय. घर खायला उठतं, तेही तिला सांग. तुझ्यावरचा राग मात्र तसाच आहे.

कळावे. लोभाचं नंतर पाहू.

तुझा भाऊ

ता. १९ जून

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. आत्याने फर्मा दिला. पानं कमी आहेत हे मला पुस्तक पुन्हा हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं. शिवणीची शेवटची गाठ तुमची होती. ती तुम्हीच मला शिकवली आहे, मग मी ओळखणार नाही का? तरी गप्प राहिले, कारण इथे यायचं की नाही हे माझं तेव्हा ठरलं नव्हतं. वाटलं, तुम्ही स्वतःहून सांगाल. तुम्ही उलट मलाच विचारलंत, की गोष्ट कुठे संपली. मी सांगितलं आणि तुम्ही समाधानाने मान डोलावलीत. मी बॅग भरली ती त्यानंतर.

आता शेवट वाचला. त्यातला बाप चुकलो म्हणतो. तुमचं पत्र आत्याने वाचायला दिलं. त्यात गाडी आहे, वह्या आहेत, ते एवढं मात्र नाही. मला तुमच्याशिवाय करमत नाही, पण मी येत नाही.

फर्मा परत पाठवते आहे. पुस्तकात शिवला नाही. तुम्ही कापलंत तिथेच माझी गोष्ट संपू दे. परत येणारी मुलगी तुमच्याकडेच राहू द्या.

लोभ असला तर असू द्या, मागत नाही.

चिमी